चाक आत का मुडपलं?

१

गाडीचा वेग किती होता ते सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माझी आजी चिडली की जेवढ्या वेगात चालते, तेवढा. आमची पांढरी गाडी सोसायटीच्या गेटमधून आत वळली, गतिरोधकावरून हळूच उतरली आणि तिचं डावीकडचं पुढचं चाक आतल्या आत मुडपलं. दमलेल्या माणसाचा घोटा मुरगळतो ना, अगदी तसं. गाडी कलली, घासत गेली आणि गेटच्या खांबाला जाऊन टेकली. मागे बसलेल्या आजीने आधाराला हात पुढे टाकला आणि तिचं मनगट मोडलं.

मी तेव्हा सोसायटीच्या मोकळ्या जागेत, कॉमन प्लॉटमध्ये, माझ्या मैत्रिणीची, इराची, फिरकी धरून उभी होते. उत्तरायण, म्हणजे आमच्याकडची पतंगांची संक्रांत, चार दिवसांवर आलं होतं. आख्ख्या मांजलपुरात झाडांवर, तारांवर, लोकांच्या चपलांत, सगळीकडे दोरीच दोरी. फिरकी टाकून मी धावले.

स्टीअरिंगवर जनार्दनकाका होते. अकरा वर्षं ते आमची गाडी चालवतात. आधी आजोबांना घेऊन जायचे, आजोबा गेल्यावर आजीला गुडघ्यांच्या व्यायामाला नेतात-आणतात. पप्पा कारखान्याच्या बसने गोरव्याला जातात, आईला गाडी येत नाही. म्हणजे कागदावर गाडी पप्पांची, बाकी सगळी जनार्दनकाकांची.

"मी कुठं आपटली नाही साहेब," ते पप्पांना पुन्हा पुन्हा सांगत होते.

"मग चाक काय वाऱ्याने मुडपलं?" पप्पा इंजिनिअर आहेत आणि घाबरले की ओरडतात. "लोखंड असं आपोआप तुटत नाही, जनार्दन. आधी कधीतरी जोरात बसलंय काहीतरी. तुम्ही सांगितलं नाहीत."

जनार्दनकाकांनी आजीसाठी मागचं दार उघडलं.

"उद्यापासून येऊ नका. आधी आईचं बघतो."

आता मी कोण ते सांगते. मी संयोगिता, दहावीत आहे. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी नुसतं माझं नाव घेतलं तरी माझे कान तापायचे. पण नोव्हेंबरात आंतरशालेय वादविवादात मी पहिली आले! ते मेडल माझ्या टेबलावरच्या शेल्फला एक जाडजूड कडी होती, तिच्यात मी अडकवलं. दारातून आत येणाऱ्याला आधी तेच दिसायचं. त्या दिवसापासून मी बोलायला लागले ती थांबलेच नाही.

"हे प्रकरण मी सोडवणार," मी इराला म्हटलं.

"तू? तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"चष्मा कुठे पळून जातो? गुन्हेगार पळतो, त्याच्या खुणा राहतात."

इराने कपाळावर हात मारला. पण आली बरोबर.

२

गाडी ढकलून कॉमन प्लॉटच्या कोपऱ्यात आणली होती आणि विटांवर टेकवली होती. मी जुनी चादर अंथरून खाली सरकले आणि मोबाइलचा उजेड टाकला.

चाकाला गाडीशी जोडणारा एक लोखंडी हात असतो. मेकॅनिक त्याला लोअर आर्म म्हणतात. तो तुटला होता. पण कसा? तुटलेल्या जागेचा अर्धा भाग नव्या वाटीसारखा चकचकीत होता आणि अर्धा गंजलेला. म्हणजे अर्धी चीर आधीच पडलेली होती, गंज चढायला वेळ मिळालेली. गेटपाशी फक्त उरलेलं अर्धं तुटलं.

दुसरी खूण टायर. त्या चाकाचा टायर फक्त आतल्या कडेने झिजला होता, बाहेरून नवाकोरा. चाक बरेच दिवस तिरकं चालत असणार. आणि पुढचे दोन्ही टायर पप्पांनी एक डिसेंबरला बदलले होते, मी बरोबर होते. म्हणजे जे काही झालं, ते एक डिसेंबरनंतर.

तिसरं काही खास नव्हतं. आर्मच्या बेचक्यात हिरवट दोऱ्याचा एक झुपका अडकला होता. उत्तरायणाच्या दिवसांत गाडीखाली मांजा! यात काय आलं? तरी डिटेक्टिव्ह लोक काही टाकत नाहीत म्हणून मी तो कंपासपेटीत ठेवला.

मग चौकश्या. पहिला संशयित हार्दिक, शेजारच्या शाहकाकांचा मुलगा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. बहिणीच्या साखरपुड्याला त्याने आमची गाडी मागून नेली होती.

"ओ बेन, माझ्यावर शक?" त्याने पतंगाला कन्नी बांधता बांधता फोन काढला. "हे जो, फोटो. बावीस नोव्हेंबर. गाडीपाशी माझी आख्खी फॅमिली उभी छे. टायर बघ, टकले. नवे टाकायच्या आधी मी गाडी परत दिली, धुऊन दिली, वर पेंडे पण दिले. पेंडे कोणी खाल्ले?"

पेंडे मी खाल्ले होते. हार्दिक सुटला.

दुसरी साक्ष आजीची. प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून ती राणीसारखी बसली होती.

"माझं काय विचारतेस? मी मागे बसते नि डोळे मिटते. जनार्दन चालवत असला की झोप लागते मला. खड्डा आला की आधी सांगतो, 'आईसाहेब, धरा.' त्या दिवशी नाही सांगितलं, कारण खड्डाच नव्हता. आणि ती गाडीची हत्यारं परत डिकीत टाकलीस तेव्हा नीट पुसली का नव्हतीस गं? मागे पिशवी ठेवायला गेले, पांढऱ्या लुगड्याला ही हळद!"

आमचे पूर्वज इथे राज्याच्या घोडदळात होते. त्यामुळे खंडेनवमीला आमच्याकडे आजोबांच्या तलवारीपासून पप्पांच्या मोजमापाच्या यंत्रांपर्यंत सगळं पाटावर मांडतात आणि त्याला हळदकुंकू लावतात. गाडीचा जॅक आणि पानेसुद्धा. यंदा मांडणं-आवरणं माझ्याकडे होतं. "सॉरी आजी," म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. लुगड्यावरच्या हळदीचा तपासाशी काय संबंध?

तिसरे जनार्दनकाका. आजीसाठी पिशवीभर चिकू आणि पप्पांना परत द्यायची गाडीची चावी घेऊन ते दुपारी आले, पण गेटपाशीच उभे राहिले. आत येईनात.

"काका, एक डिसेंबरनंतर गाडी कोणी कोणी चालवली?"

"मीच की."

"दुसरं कोणी?"

"नाही कोणी."

"मग या दिवसांत काही झालं का? खरं सांगा."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "करजणला बंद पडली होती ना, तेव्हा विश्रामभाऊंनी..."

"हो, ते माहितीय. विश्राममामांनी त्यांच्या गॅरेजवर नेली, पेट्रोलचा पंप बदलला. त्याशिवाय?"

जनार्दनकाकांची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "त्याशिवाय काही नाही, संयुताई."

लाल कान! मला ते ओळखीचे होते, माझे आयुष्यभर तसेच व्हायचे. काहीतरी लपवणाऱ्या माणसाचे कान.

प्रकरण सुटलं होतं.

३

संध्याकाळी कॉमन प्लॉटमध्ये सोसायटीची मीटिंग होती. उत्तरायणाला कोणाच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, स्पीकर लावायचा आणि उंधियू किती मागवायचं, यावर. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तीसएक माणसं. अर्थात सगळे बोलत होते ते आमच्या गाडीवरच. जनार्दनकाका चावी हातात धरून पप्पांची वाट बघत कडेला उभे होते.

मी उभी राहिले. कोणी मला बोलावलं नव्हतं.

"मला तीन मुद्दे मांडायचे आहेत."

आणि मांडले. अर्धी गंजलेली चीर दाखवली, म्हणजे इजा जुनी. आतून झिजलेला टायर दाखवला, म्हणजे इजा एक डिसेंबरनंतरची. मग बाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला, समोरच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शेवटचा मुद्दा हळू आवाजात टाकला.

"एक डिसेंबरनंतर ही गाडी फक्त एका माणसाने चालवली. ती त्याने कुठेतरी आपटली, आणि सांगितलं नाही. त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर माझ्या आजीचा हात मोडला नसता."

शाहकाकांनी टाळी वाजवली. "वाह! आ छोकरी तो वकील बनशे!" मग सगळ्यांनीच वाजवल्या. पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मेडल मिळालं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

जनार्दनकाका पुढे आले. चावीला आजोबांनी दिलेला छोटा पितळी घोडा होता. त्यांनी चावी रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि घोडा पडू नये म्हणून सरळ केला.

"आईसाहेबांना सांगा," ते मला म्हणाले, "चिकू पिकायला दोन दिवस लागतील. आत्ता खाऊ नका म्हणावं."

आणि गेले.

घरी आजीने विचारलं, "टाळ्या कसल्या वाजत होत्या?"

मी सगळं सांगितलं. पुन्हा तीन मुद्द्यांत.

"आणि तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. काय म्हणणार?"

आजीने प्लॅस्टरचा हात उशीवर सरळ केला. "खोटं बोलणारा माणूस बोलतो, संयु. हा तर बोललाच नाही."

४

दुसऱ्या दिवशी इरा आणि मी गुंता गोळा करत होतो. आमच्या सोसायटीत पक्ष्यांचे पाय अडकू नयेत म्हणून पोरं पडलेली दोरी गोळा करतात आणि कोपऱ्यात जाळतात. इरा काडी लावते, मी सूचना देते.

"तुझ्या पेटीतला पण टाक," इरा म्हणाली. "केस क्लोज झाली ना मॅडम?"

मी हिरवा झुपका आगीत टाकला.

बाकीची दोरी सुताची. फुर्रकन पेटायची आणि राख व्हायची. हा झुपका पेटलाच नाही. तो आकसला, वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला आणि जळक्या बादलीसारखा वास आला.

इराने नाक दाबलं. "संयु, हा मांजा नाही. हे नायलॉन आहे."

"चायनीज दोरी असेल."

"ती केसाएवढी बारीक असते. हा तर कसला तरी पिंजलेला तुकडा होता. माझ्या मामाच्या टेम्पोत असला दोरखंड असतो. सामान बांधायला, गाडी ओढायला..."

ती बोलता बोलता थांबली. मी आधीच थांबले होते.

दोरखंड. आमच्या गाडीच्या आर्मला कोणीतरी दोरखंड बांधला होता आणि त्याचे धागे तुटेपर्यंत ओढला होता. मी सगळ्यांना एकच विचारत फिरले होते, गाडी कोणी चालवली? आणि तिला इजा झाली तेव्हा ती स्वतः चालतच नव्हती. बंद पडली होती. करजणला.

"करजणला बंद पडली होती ना, तेव्हा विश्रामभाऊंनी..."

हे वाक्य जनार्दनकाका पुरं करत होते. मी मध्येच म्हटलं होतं, ते माहितीय.

माझे कान तापले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

५

गोरव्याला विश्राममामांचं गॅरेज एका लेथच्या कारखान्याला लागून आहे. मामा मूळचे धुळ्याकडचे. ते आम्हाला बघून हसले, पण माझ्या हातातला काळा मणी बघून हसणं अर्ध्यात राहिलं.

"मामा, करजणहून आमची गाडी कशी आणली?"

"ओढून आणली, तायडे. टेम्पो नेला होता मी."

"दोर कुठे बांधला होता?"

त्यांनी हात पुसायचं फडकं घेतलं आणि एकच बोट बराच वेळ पुसत राहिले.

"गाडी ओढायची एक रीत असते," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या बंपरवर एक चौकोनी टोपण असतं. ते उघडायचं, आत आटे असतात. डिकीतली कडी त्यात फिरवून घट्ट बसवायची आणि तिला दोर बांधायचा. आर्मला कधीच बांधायचा नाही. तो चाक तोलायला असतो, झटके खायला नसतो. माझ्याकडे शिकायला येतो त्याला मी हे पहिल्या दिवशी सांगतो."

"आणि तुम्ही?"

"आर्मला बांधला." त्यांनी फडकं ठेवलं. "डिकीत कडीच नव्हती. जनार्दनभाऊंनी सगळी डिकी रस्त्यावर उपसली. हायवेवर ट्रक अंगावरून जातायत. मी म्हटलं, जाऊ दे, हळूहळू नेऊ. चाळीस किलोमीटर आलो. दर सिग्नलला झटका. मला ऐकू येत होता, बरं का."

"नंतर तपासलं नाही?"

"पंप टाकला, गाडी चालू झाली. खाली वाकून बघितलं नाही. कदाचित काही दिसेल म्हणूनच नाही बघितलं." त्यांचा आवाज खाली गेला. "तुझ्या आजीचा हात मोडल्याचं कळलं तेव्हा मला कळलं होतं. दोन दिवस फोन उचलतोय आणि ठेवतोय."

इरा मला कोपराने ढोसत होती. सुटली केस, चल! पण मला एक बारीकशी गोष्ट टोचत होती.

"जनार्दनकाकांनी आम्हाला हे का नाही सांगितलं?"

"मला म्हणाले, साहेबांना कडीचं बोलू नका, मी शोधतो. माझ्याच हातून हरवली. डिकीतली प्रत्येक वस्तू मी माझ्या हाताने लावतो, मग ती जाईल कुठे?"

खरंच. जाईल कुठे?

६

मेकॅनिकांना पाठ असलं तरी गाडीचं एक पुस्तक असतं, समोरच्या कप्प्यात पडलेलं, कोणी न उघडलेलं. कडी दिसते कशी ते बघायला मी घरी येऊन ते उघडलं. माझ्या टेबलावर, दिवसाउजेडी, पाय हलवत.

पान एकशे बारा. चित्र. बोटाएवढा जाड लोखंडी दांडा, त्यावर आटे, आणि टोकाला कडं.

मी मान वर केली.

शेल्फच्या फळीत एक जुनं भोक होतं. त्यात आटे असलेला, बोटाएवढा जाड दांडा घट्ट फिरवून बसवलेला होता. टोकाला कडं. कड्यात माझं मेडल.

खंडेनवमीला पाटावर जॅक होता, पाने होते, आणि ही होती. आवरताना मी सगळं डिकीत टाकलं, पुसलं नाही. ही मात्र हातात राहिली. कशाची आहे कळेना. पप्पांना विचारू म्हणून टेबलावर ठेवली. पुढच्याच महिन्यात मेडल मिळालं, आणि अडकवायला इतकी ऐटदार कडी आयती मिळालेली! विचारायचं राहून गेलं.

मी मेडल काढलं. कडी फिरवून बाहेर काढली. आट्यांच्या खाचांत अजून कुंकू होतं.

खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. मी ती कडी उशीखाली ठेवली आणि उशीवर बसले. अर्धा तास. माझ्याकडे संपूर्ण, पक्की, पुराव्यानिशी उकललेली केस होती. दोर विश्राममामांनी बांधला, त्यांनी कबूलही केलं. गोष्ट गोरव्यालाच संपत होती. जनार्दनकाका सुटणार, पुन्हा टाळ्या वाजणार. कडीचं कोणाला कळणार होतं? ती हरवली, एवढंच. जनार्दनकाकांच्या हातून हरवली. ते स्वतःच तसं म्हणत होते.

इराचा मेसेज आला. "डिटेक्टिव्ह मॅडम, मीटिंग कधी? मी शिट्टी वाजवणार."

मी उत्तर दिलं नाही. ओढणीत कडी गुंडाळली आणि तरसालीच्या रिक्षात बसले.

७

जनार्दनकाकांच्या दोन खोल्यांचं दार उघडंच होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. माळ्यावरच्या ट्रंका खाली, पितळी डबे जमिनीवर, गाद्या उलट्या, कपाटाचे खण बाहेर.

घर सोडून चालले!

"ये गं," काकू डब्यांमधून वाट काढत म्हणाल्या. "घाबरू नकोस, चोर नाही शिरले. कसलीशी कडी शोधतायत. महिना झाला, रोज एक कोपरा. मी म्हटलं, गाडीची कडी पिठाच्या डब्यात कशी असेल? तर तोही उपडा केला."

जनार्दनकाका मागच्या खोलीतून आले. कोपरापर्यंत धूळ. मला बघून त्यांनी आधी खुर्ची पुसली.

"बस, संयुताई. आईसाहेबांचा हात दुखतो का?"

मी बसले नाही. खुर्चीच्या मागे खिळ्याला एक वही लटकवलेली होती, पेन बांधलेलं. उघड्या पानावर त्यांचं सुबक अक्षर. "सकाळी गॅस बंद केला. बंद होता. दाराला कुलूप लावलं. लावलं होतं. गोळी घेतली. घेतली होती." खाली तारखा. रोजच्या. डिसेंबरच्या मध्यापासून.

"हे काय?" मी विचारलं.

काकूच म्हणाल्या, "यांच्या वडिलांचं शेवटी शेवटी डोकं राहिलं नव्हतं. यांना वाटतंय यांचंही तसंच सुरू झालं. त्या कडीपासून धरून बसलेत. तुमच्याकडचं सुटलं तर एका डॉक्टरीणबाईंनी लगेच बोलावलं होतं गाडीवर. नको म्हणाले."

"माझ्या भरवशावर कोणाचं माणूस मागे बसवू?" जनार्दनकाका माझ्याकडे न बघता म्हणाले. "डिकीच्या डाव्या कप्प्यात, जॅकच्या खाली, फडक्यात गुंडाळून. मला स्पष्ट आठवतं ठेवलेली. आणि ती तिथे नव्हती. काल तू विचारलंस ना, त्याशिवाय काही झालं का, तेव्हा तोंडात आलं होतं. पण काय सांगू? की मला आता आठवतं ते खरं नसतं?"

मी ओढणी उलगडली आणि कडी पुढे केली.

त्यांनी ती हातात घेतली. मग आट्यांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला लाल लागलं.

"खंडेनवमी," ते हळूच म्हणाले.

"मी काढली होती. परत ठेवली नाही. माझ्या मेडलला... काका, मी सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"डाव्या कप्प्यात होती? जॅकच्या खाली?"

"हो."

"फडक्यात?"

"निळ्या. चौकड्याच्या."

जनार्दनकाका गाद्यांच्या ढिगावर बसले. "अगं ऐकलंस का," ते काकूंना म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ऐकवेना, "मी विसरलो नव्हतो. निळं फडकं होतं. मला बरोबर आठवत होतं!"

ते हसत होते. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते, पप्पांसारखे, तर मी रडून मोकळी झाले असते. पण मी त्यांचं काम घालवलं, नाव घालवलं, महिनाभर त्यांना स्वतःच्याच डोक्याची भीती बाळगायला लावली होती, आणि ते हसून काकूंना सांगत होते, "पोरीला चहा टाक."

मी चहा प्यायले नाही. सगळे डबे पुसून परत माळ्यावर चढवू लागले. त्यांनी मला थांबवलं नाही.

८

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. पप्पा जेवणाचं ताट सरकवून उठले, गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, "त्यांना 'येऊ नका' मी म्हटलं होतं. तू नाही." मग आजीकडे बघून, "मी इंजिनिअर आहे आणि मी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही."

आजी म्हणाली, "तीस माणसांसमोर बोललीस ना गं? मग तीस माणसांसमोरच."

मीटिंग आता नव्हती. पण उत्तरायणाला आख्खी सोसायटी धाब्यावर असते. हार्दिकच्या धाब्यावर भिंतीएवढे स्पीकर, आकाशात पतंगच पतंग, सगळीकडून "लपेट, लपेट!"

"हार्दिकभाई, गाणं बंद कर. माइक दे."

"अत्यारे? पेच चाललाय बेन!"

"दोन मिनिटं."

त्याने माझं तोंड बघितलं आणि गाणं बंद केलं. सगळ्या धाब्यांवरची डोकी वळली. माझे कान पेटले होते. मुद्दे काढले नव्हते, श्वासबीस घेतला नाही.

"मी संयोगिता. रविवारी मी सांगितलं की जनार्दनकाकांनी गाडी आपटली आणि लपवलं. ते खोटं होतं. गाडी ओढताना चुकीच्या जागी दोर बांधल्यामुळे आर्म चिरला. दोर तिथे बांधला कारण ओढायची कडी डिकीत नव्हती. कडी नव्हती कारण ती मी घेतली होती. ते मला सांगायला लागले तेव्हा मी त्यांना मध्येच तोडलं. आजीचा हात त्यांच्यामुळे मोडला नाही. एवढंच."

कोणी टाळी वाजवली नाही. इरानेही नाही, आणि त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. शाहकाका पतंग सोडून कठड्यापाशी उभे होते. खाली बघत. ढील दिलेला त्यांचा पतंग कोणीतरी कापून नेला, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

वाशी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पप्पा स्कूटरवरून तरसालीला गेले आणि जनार्दनकाकांना मागे बसवून आले. त्यांच्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही. विश्राममामा टेम्पो घेऊन आले होते. नवा आर्म ते स्वतःहून घालून देणार होते, पण गाडी गोरव्यापर्यंत न्यायला हवी होती. टेम्पोत यावेळी दोन चाकं उचलून धरणारी क्रेन होती.

"मग कडी लागणार नाही ना?" मी विचारलं.

"लागणार नाही," विश्राममामा म्हणाले. ते जनार्दनकाकांच्या नजरेला नजर देत नव्हते.

"तरी बसव," जनार्दनकाका मला म्हणाले. "एकदा बसवून बघ. कुठे बसते ते कळू दे."

त्यांनी बंपरवरचं चौकोनी टोपण नखाने उघडून दिलं. इतकी वर्षं ते टोपण मी रोज बघत होते. मी गुडघ्यांवर बसले, दांडा आत घातला. पहिल्यांदा तिरका गेला.

"जोर लावू नको. आटे सापडू दे."

दुसऱ्यांदा सापडले. मी फिरवत गेले, एक, दोन, तीन, चार, आणि कडी तशी घट्ट बसली जशी ती माझ्या शेल्फच्या फळीत कधीच बसली नव्हती. पांढऱ्या बंपरवर भोकाभोवती कुंकवाची बारीक लाल रेघ उमटली.

आजी गॅलरीतून ओरडली, "पुसू नका रे ते!"

जनार्दनकाकांनी खिशातून नवंकोरं निळं चौकड्याचं फडकं काढलं. त्यांनी पुसलं नाही. कडी उलटी फिरवून काढली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"डावा कप्पा," ते म्हणाले. "जॅकच्या खाली."

मी ठेवली. त्यांनी वाकून बघितलं, आणि डिकी लावली.